दीड वेढा

कार्तिक वद्य ५, शके १८१०, कल्याण

आजपासून रोज थोडे लिहून ठेवायचे ठरवले आहे. भाऊंना सांगितलेले नाही. भाऊ म्हणजे माझे वडील. न सांगता केलेली ही पहिलीच गोष्ट, म्हणून ती आधी लिहिली.

आई जाऊन दोन वर्षे झाली. सासूबाई ठाण्यास असतात. त्यांनी मला संक्रांतीपर्यंत माहेरी राहू दिले आहे. तिकडचे, म्हणजे यजमानांचे, शिक्षण पुण्यास इंजिनिअरिंगच्या कॉलेजात चालू आहे. भाऊ एकटे आहेत म्हणून उत्तरेला, म्हणजे मला, पाठवा, असे भाऊंनी सासूबाईंना लिहिले होते. खरे कारण निराळे आहे. भाऊंना दिसत नाही.

उजव्या डोळ्याने उजेड कळतो, डाव्याने माणसाचा आकार. मोतीबिंदू असावा. दुर्गाडीच्या पलीकडे खाडीला बांध घालण्याचे काम एका कंपनीने घेतले आहे, तिथे ते ओव्हरसियर आहेत. पायाखालची वाट म्हणून एकटे जातात, येतात. कागद घरी आणतात. मी वाचते, ते सांगतात, मी लिहिते, ते सही करतात. सही अजून झोकात येते. माझे अक्षर आता त्यांच्यासारखे झाले आहे. कामावर कोणास ठाऊक नाही. ठाऊक झाले तर त्याच दिवशी त्यांना घरी बसवतील.

हे खोटे आहे का, याचा मी फार विचार करते. हिशेब बरोबर असले तर कोणाचे नुकसान नाही, असे भाऊ म्हणतात. म्हणून मी प्रत्येक हिशेब तीनदा करते.


कार्तिक वद्य ९

आज भाऊ खुशीत आले. कंपनीच्या साहेबांनी त्यांना विचारून एक काम सोपवले आहे.

बांधात दोन उघाड्या ठेवल्या आहेत. ओहोटीला शेतातले पाणी तिथून बाहेर जायचे, आणि भरतीला दार मिटून खाडीचे खारे पाणी अडायचे. त्यांची दारे लोखंडी आहेत, एकेक पक्के एकशेसाठ मणांचे. दार वरून दोराने सावकाश खाली सोडून दगडाच्या खाचांत बसवायचे. दोर कप्पीवरून खाली येतो, जमिनीत पुरलेल्या सागाच्या खुंटाला त्याचे वेढे देतात, आणि शेपूट चार खलाशी धरतात. दार हे चौघे धरीत नाहीत, खुंट धरतो. दोर खुंटाला घासतो त्या घासणीत जोर मरतो. जितके वेढे जास्त, तितका हाताला भार कमी.

मुंबईहून नवा दोर आला आहे, पण एकच. दारे दोन, आणि दोन्ही एकाच ओहोटीत बसवायची. मधे दोर सोडून पुन्हा बांधण्याइतका वेळ पाणी देत नाही. म्हणून त्याचे दोन तुकडे करायचे. तेव्हा कमीत कमी किती वेढ्यांत भागेल, हा साहेबांचा प्रश्न.

भाऊंनी जुनी वही काढायला सांगितली. वीस वर्षांपूर्वीच्या नोकरीत कोणा साहेबाच्या पुस्तकातून त्यांनी ही रीत उतरून घेतली होती. भार हाताच्या जोराच्या किती पट आहे ते काढावे. त्या पटीचा लॉगरिथम घ्यावा. त्याला घासणीच्या अंकाने भागावे. म्हणजे दोर खुंटाला किती लपेटावा ते निघते. रीत इंग्रजीत आहे. मला इंग्रजी अंक आणि अक्षरे ओळखता येतात, भाषा येत नाही. मी एकेक अक्षर वाचून दाखवले. लॉग या शब्दाच्या आधी तीन बारीक अक्षरे आहेत, एच, वाय आणि पी. भाऊंना म्हटले, ही काय? ते म्हणाले, असतील काहीतरी, पुढे चल.

एकशेसाठ मण, आणि चार माणसे मिळून चार मण सहज धरतात. म्हणजे चाळीस पट.


कार्तिक वद्य १०

हिशेब झाला. तो सगळा इथे लिहिते, म्हणजे चूक असली तर मला दिसेल.

लॉगरिथम मला चौदाव्या वर्षी ओसरीवर भाऊंनी शिकवले. पावकी, निमकी, दिडकी सगळी पाठ झाली होती, आणि पुढे काय म्हणून मी मागे लागले होते. ते म्हणाले, दहाने किती वेळा गुणलं म्हणजे शंभर? मी म्हटले, दोनदा. मग शंभराचा लॉगरिथम दोन. हजाराचा तीन. आणि मधल्या आकड्यांचा? मधल्यांचा मधेच कुठेतरी, एक पूर्णांक आणि पुढे दशांश. पूर्णांक आपण डोक्याने काढायचा, दशांश कोष्टकात पाहायचा. दोन मोठ्या आकड्यांचा गुणाकार करायचा तर त्यांच्या लॉगरिथमांची बेरीज करायची आणि कोष्टकातून उलटे यायचे. त्या दिवशी मला जेवण सुचले नाही. गुणाकाराची बेरीज होते ही गोष्ट कोणी इतके दिवस माझ्यापासून लपवून ठेवली होती असे वाटले.

चाळीस. दोन अंकी, म्हणून पूर्णांक एक. कोष्टकात दशांश ६०२०६००. म्हणजे १.६०२०६००. सागावर दोराच्या घासणीचा अंक वहीत तीन दशांश आहे. भागले: ५.३४०२. वर्तुळाच्या मापाने एका पुऱ्या वेढ्याला ६.२८३२ लागतात. भागले: ०.८४९९.

म्हणजे एक वेढासुद्धा पुरा लागत नाही.

तीनदा केला. दुसऱ्या खेपेस शेवटच्या घरात एकाचा फरक आला, तो भागाकारातला होता, सापडला. मग चौथ्यांदा केला. भाऊ म्हणाले, एक धर, आणि सांभाळून अर्धा वर. दीड लिही. साहेबांना वाटत होतं तीन लागतील.

दीड लिहिले. भाऊंनी सही केली. ते पूर्वी माझा हिशेब स्वतः एकदा करून पाहत. आता फक्त विचारतात, नीट पाहिलंस ना?


कार्तिक वद्य १२

सगुणा सरपण आणि मीठ घेऊन आली होती. मिठागरांवरची आगरी बाई आहे, आईच्या वेळेपासून येते. तिचा नवरा धाकू बांधावर खलाशांचा मुकादम आहे. दोराचे शेपूट तोच धरणार. मी सहज विचारले की जड वस्तू उतरवताना तुमचे लोक किती वेढे घेतात. तिने चार बोटे दाखवली, मग एक मिटले. म्हणाली, होडी बांधायची तरी दोन.

मी म्हटले, दीडात भागते असे भाऊंनी काढले आहे.

ती हसतच सुटली. "बाय, दीड वेढ्याव माजी शेली पन र्‍हायाची नाय. तुमचे कागदाव र्‍हात असेल."

भाऊंना सांगितले. त्यांना राग आला, पण माझ्यावर नाही. ते म्हणाले की खलाशी बापाने घेतले म्हणून तीन घेतो, त्याच्या बापाला कोणी विचारले नव्हते. खलाशांना लॉगरिथम येत असते तर आपल्याला कोणी नोकरीला ठेवले नसते. मला हे पटले. तरी शेळी डोक्यातून जात नाही.


कार्तिक अमावास्या

आज एक गोष्ट केली, ती योग्य की अयोग्य ते कळत नाही.

भाऊ कामावर गेल्यावर मागच्या पडवीतल्या लाकडी खांबाला विहिरीचा दोर एक वेढा दिला. एका टोकाला पाण्याने भरलेली कळशी टांगली. ती तेरा शेर भरते. माझ्या हिशेबाने एका वेढ्यात भाराचा सत्त्याहत्तरावा हिस्सा हाती राहिला पाहिजे, म्हणजे दुसऱ्या टोकाला साडेतेरा तोळ्यांनी कळशी थांबली पाहिजे. अडकित्ता बांधला, तो साधारण तितकाच आहे. कळशी धाडकन खाली आली आणि चेपली. मग शेराचे माप भरून बांधले, तरी घसरली. दोन शेर बांधले तेव्हा थांबली.

तेराला दोन. सत्त्याहत्तर पट कुठे आणि साडेसहा पट कुठे.

भाऊंना संध्याकाळी सांगितले. कळशीचे आधी सांगितले, कारण ती आईची होती. त्यांनी दोर कुठला, खांब कुठला ते विचारले. मग म्हणाले की काथ्याचा दोर निराळा, मुंबईचा दोर निराळा. आपला खांब तेलकट आहे. घरातल्या वस्तूंनी शास्त्र तपासू नये. त्यांचा आवाज मला नेहमीपेक्षा हळू वाटला. भूक नाही म्हणून ते भात टाकून उठले. सर्दी झाली असावी.


मार्गशीर्ष शुद्ध २

पुण्यास पत्र टाकले. भाऊंना न विचारता. वहीतली रीत अक्षरे जशीच्या तशी काढून पाठवली आणि विचारले की लॉगच्या आधीच्या तीन अक्षरांचा अर्थ काय. भाऊंचे नाव घातले नाही. नुसते कुतूहल आहे असे लिहिले. तेही खरे नाही.

हिशेबात चूक नाही हे मला पक्के ठाऊक आहे. पाचव्यांदा केला. सातही घरे जुळतात.


मार्गशीर्ष शुद्ध ५

दारे नवमीला सोडायची असे ठरले. अष्टमी-नवमीला भांग असतो, भरतीचे पाणी फार चढत नाही, आणि ओहोटी भर दुपारी येते. ती वेळ हुकली तर पुढला भांग पंधरा दिवसांनी, आणि मधे पौर्णिमेचे उधाण अर्धा बांध धुऊन नेईल अशी साहेबांना धास्ती आहे.

आज दोर कापला. भाऊ समोर होते. दीड वेढा, खाली सोडायची उंची आणि चार माणसांना धरण्यापुरते शेपूट, एवढी मोजणी करून दोन तुकडे केले. साहेबांनी सगळ्यांसमोर भाऊंची पाठ थोपटली. भाऊ ते सांगताना लहान मुलासारखे दिसत होते. पुढच्या कामावरही तुम्हीच, असे साहेब म्हणाले.

मी विचारले की धाकूने जास्त वेढे घ्यायचे म्हटले तर? भाऊ म्हणाले, आता घेणार कुठून?

हे मला आधी सुचले नव्हते. मी समजत होते कागद म्हणजे सल्ला आहे, धाकूला वाटेल ते तो करील.


मार्गशीर्ष शुद्ध ७

सगुणा आली होती. तिचा धाकटा भाऊ गोपीनाथ याला बांधावर घेतले आहे. दार उतरत असता खाली खाचेजवळ उभे राहून ते हाताने सरळ धरायचे, हे त्याचे काम. चिखलात पाय रोवून उभे राहण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही, असे ती कौतुकाने सांगत होती. लग्न ठरले आहे त्याचे, माघात. मुलगी त्याला बुटका म्हणते, म्हणून दाराखालून वर निघाला की उंच होईल, असे धाकू त्याला चिडवतो म्हणे.

मी तिला गूळ दिला. दुसरे काही देण्यासारखे नव्हते.

अजून पत्र नाही.


मार्गशीर्ष शुद्ध ८

पत्र आले. दुपारी दोन वाजता आले. आता साडेचार झाले आहेत. क्रमाने लिहिते.

तिकडून लिहिले आहे की लॉगरिथम दोन तऱ्हेचे असतात. दहाच्या पायावरचे, ते आपल्या कोष्टकात छापलेले, व्यवहाराचे. दुसरे नैसर्गिक, त्यांचा पाया दहा नाही. दोन पूर्णांक आणि पुढे ७१८२८ असा न संपणारा आकडा आहे. ती तीन अक्षरे त्या दुसऱ्या जातीची खूण आहे. असला चमत्कारिक पाया का, तर सृष्टीत पुष्कळ गोष्टी जेवढ्या असतात तेवढ्याच्या प्रमाणात वाढतात किंवा झिजतात. दोराचेच घे, असे लिहिले आहे. खुंटावरचा दोराचा प्रत्येक अंगुळ, त्याच्यापर्यंत जेवढा जोर उरला असेल त्याचा थोडा हिस्सा खातो. उरलेल्याचा हिस्सा पुढचा अंगुळ खातो. या खाण्याचा हिशेब दहाच्या पायाने बसत नाही, त्या दुसऱ्या पायानेच बसतो. कोष्टकातला आकडा घेऊन त्याला २.३०२६ ने गुणले की नैसर्गिक मिळतो; इतके सोपे आहे, आणि आमच्या वर्गात निम्मे लोक हेच विसरतात. शेवटी थट्टा होती, की उत्तराबाई माहेरी पोळ्या लाटतात की दोर ओढतात?

मी उभ्यानेच गुणले. १.६०२०६ गुणिले २.३०२६. ३.६८८९. भागिले तीन दशांश, १२.२९६. भागिले ६.२८३२.

१.९५७.

दोन वेढे तर नुसते तोलायला लागतात. वर सांभाळून एक. तीन. सगुणाने दाखवली तितकीच बोटे. आणि एका वेढ्याला साडेसहा पट, कळशी सांगत होती तेच.

दीड वेढ्यात हातांवर साडेनऊ मण येतील. चार माणसे चार मण धरतात.

माझे गुणाकार, भागाकार सगळे बरोबर होते. सातव्या घरापर्यंत बरोबर होते.

भाऊ चारला आले. मी दारातच सांगितले. त्यांनी अंगरखाही काढला नव्हता. ते ओट्यावर बसले आणि मला सगळे पुन्हा म्हणायला लावले. मग आकडे तोंडीच गुणू लागले, बोटांच्या पेरांवर, मला शिकवताना गुणत तसे. त्यांचे उत्तर माझ्याहून आधी आले.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाही नाही."

"पत्रात माझं नाव?"

"नाही."

मी म्हटले, आत्ताच्या आत्ता साहेबांकडे जाऊ या. ते म्हणाले, साहेब ठाण्यास गेले आहेत, उद्या सकाळी बांधावरच भेटतील. मी म्हटले, मग धाकूला तरी निरोप देऊ, सगुणा उद्या येईल. त्यावर ते मोठ्याने बोलले. खलाशाच्या बायकोच्या तोंडून ओव्हरसियरची चूक साऱ्या कल्याणात जायला नको. जे सांगायचे ते मी साहेबांना सांगेन, माझ्या तोंडाने, माझ्या रीतीने. मला त्यांनी शपथ घातली, की मी कोणाशी बोलणार नाही.

शपथ घेतली. बापाने सांगतो म्हटल्यावर मुलीने अविश्वास दाखवणे बरे नाही.

मग म्हणाले, पत्र चुलीत घाल, घरात दोन हिशेब नकोत. त्यातला तिकडचा मजकूर माझ्या एकटीचा होता, पण घातले. दीड वेढ्याच्या जुन्या कागदाची आपल्याकडची प्रतही घालायला सांगितली. चुकीचा कागद ठेवून काय करायचा, असे मलाही वाटले.

साहेब सांगितल्यावर दोर दुसरा मागवतील. पंधरा दिवस जातील. बांधाचे काय व्हायचे ते होवो. भाऊंच्या डोळ्यांची गोष्ट उघडकीस येईल कदाचित. ते सोसावे लागेल. माझे मन आज बऱ्याच दिवसांनी हलके आहे.


मार्गशीर्ष शुद्ध ९

भाऊ उजाडताच गेले. चहा घेतला नाही. अंगरखा धुतलेला घातला होता. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. हे ते माझ्या परीक्षेच्या दिवशी करत.

आठच्या सुमारास सगुणा सरपण घेऊन आली. घाईत होती, दुपारी बांधावर बघायला जाणार होती. आमचा गोपीनाथ दिसतो का लोखंडाखाली ते पाहते, म्हणाली. मोळी उतरून तिने पदराने तोंड पुसले. मी तिच्यासमोर उभी होते. तीन, एवढाच शब्द होता. पण शपथ होती, आणि भाऊ सांगणारच होते.

ती गेली.

आता एक वाजला आहे. एवढ्यात भाऊंनी सांगितले असेल आणि मंडळी परत फिरली असतील. सगुणा चिडली असेल, उगाच उन्हात गेले म्हणून.


मार्गशीर्ष शुद्ध १०

पहिले दार पडले. गोपीनाथ खाली होता. त्याला काढायला ओहोटी पुरली नाही. आज दुपारच्या ओहोटीत काढला.

भाऊ काल दिवेलागणीला आले आणि भिंतीकडे तोंड करून निजले आहेत. मी विचारले, सांगितले होते ना? ते म्हणाले, साहेबांना उशीर झाला, बोलायला अवसर मिळाला नाही.


मार्गशीर्ष शुद्ध ११

आज मी आगरवाडीत गेले. कधी गेले नव्हते. बायका वाट देऊन बाजूला झाल्या.

सगुणा आत होती, माझ्याकडे पाहिले नाही. धाकू बाहेर ओटीवर बसला होता. दोन्ही तळहात केळीच्या पानांत बांधले होते. दोर हातांतून निघून गेला तेव्हा कातडे बरोबर घेऊन गेला. मी खाली जमिनीवर बसले. त्याने मला उठून बसायला सांगितले नाही, ते बरे झाले.

त्याने सांगितले ते असे. दोर खुंटाला घेतला तेव्हाच त्याने तिसरा वेढा द्यायला पाहिला, दोर पुरेना. तो थांबला. साहेब वेळेवर आले होते, सकाळपासून तिथेच होते. त्यांनी भाऊंना विचारले, हे बस आहे का?

"भाऊसाहेब म्हनाले, पुरंल. मना वाटला, त्यांचे डोल्यांसमोर दोर हाय, त्ये बघतान, तवा असंलच."

मी म्हटले, भाऊंना दिसत नाही. दोन वर्षे झाली. हिशेब मी केला. त्यात चूक होती, आणि ती मला अष्टमीला कळली.

धाकूने आपल्या हातांकडे पाहिले. मी काहीतरी होण्याची वाट पाहत होते. आत सगुणा रडायची थांबली, म्हणजे तिने ऐकले. बाहेर मात्र ती आली नाही.

मग त्याने विचारले, "कागदाव काय लिवला व्हता?"

"दीड."

"सायेबाचा कारकून म्हनतो, तीन लिवला व्हता, मीच कमी घेतला. दारू पिऊन व्हतो म्हनतो. मी धरला तवर धरला, बाय. मेवन्याचे डोक्याव कोन सोडील? जेला तो काय येयाचा नाय. पन जो लिवला व्हता तोच लिवा. माजे हातान बाकी काय उरला नाय."

मी हो म्हटले. शपथ घेतली नाही. शपथ मी एकदा घेऊन पाहिली.


मार्गशीर्ष शुद्ध १२

कंपनीने भाऊंकडून लेखी हकिगत मागवली आहे. ऑफिसातला आधीचा कागद सापडत नाही म्हणतात. तो कुठे गेला हे भाऊंनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. आता ही हकिगत तेवढाच कागद. साहेबांचा कारकून तिचे इंग्रजी करून वर पाठवणार आहे.

सकाळी भाऊंनी मला ओसरीवर बसवले. उजेडात, मला नीट लिहिता यावे म्हणून. मजकूर त्यांनी मनात जुळवून ठेवला होता, न अडखळता सांगत गेले. हिशेब शास्त्राप्रमाणे केला. तीन वेढे घ्यावेत असे मुकादमास स्पष्ट बजावले. दोर कापताना मुकादमाने मोजणी चुकीची सांगितली. ऐन वेळी त्याने दीडच वेढा घेतला. अपघात त्याच्या हलगर्जीपणामुळे झाला.

मी लिहीत गेले. टाक थांबू दिला नाही, कारण थांबला की त्यांना ऐकू येते. ते त्यांचे एक वाक्य सांगत आणि मी माझे एक वाक्य लिहीत असे.

हिशेब ओव्हरसियरच्या मुलीने केला, कारण ओव्हरसियरला दोन वर्षांपासून दिसत नाही. लॉगरिथम नैसर्गिक घ्यावयाचा तो व्यवहाराचा घेतला, त्यामुळे तीनऐवजी दीड वेढा आला. कागदावर दीड लिहिले, त्यावर ओव्हरसियरची सही होती. दोर त्या कागदावरून कापला. चूक आदल्या दिवशी दोघांना कळली होती. ऐन वेळी मुकादम थांबला, साहेबांनी विचारले, त्यांस पुरेल असे सांगण्यात आले.

ओळी साधारण तितक्याच झाल्या.

भाऊ म्हणाले, वाचून दाखव.

त्यांनी सांगितलेले मला सगळे पाठ होते. ते मी वाचून दाखवले. बजावले, हलगर्जीपणा, सगळे. तीन हा शब्द वाचताना मला वाटले त्यांना कळेल. त्यांनी मान हलवली. मग मी त्यांचे बोट धरून कागदाच्या खाली टेकवले, आणि त्यांनी सही केली. झोकात आली.

मी वाळू टाकून ती झाडत असता त्यांनी विचारले, "कुठे खाडाखोड नाही ना? खाडाखोड असली की लोक संशय घेतात."

मी म्हटले, एकही नाही.

घडी घातली. दुपारी बारा वाजायच्या आत बांधावरच्या कचेरीत नेऊन द्यायची आहे. भाऊ म्हणतात मीच नेतो. मी म्हटले, आज ऊन फार आहे, मी जाते.